विद्यार्थ्यांची ऑनलाइन सुरक्षितता व वैयक्तिक माहितीचे संरक्षण

विद्यापीठात शिकणाऱ्या व्यक्तीने आपली खाती, उपकरणे आणि स्वतःविषयीची माहिती परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून घेतलेली दक्षता आणि त्याच हेतूने विद्यापीठाने उभारलेली व्यवस्था, अशा दोन्ही बाजूंचा या विषयात समावेश होतो. प्रचलित लेखनात पहिल्या बाजूवरच भर आढळतो. तथापि विद्यार्थ्याची स्थिती सामान्य वापरकर्त्याहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. बँक, ईमेल सेवा किंवा समाजमाध्यम त्याला निवडता येते आणि सोडताही येते. प्रवेशाबरोबर मिळणारा नोंदणी क्रमांक, विद्यापीठाचा ईमेल पत्ता आणि लॉगिन त्याला निवडता येत नाही. या एकाच लॉगिनमागे बहुधा ग्रंथालय, गुणपत्रक, शुल्कभरणा, वसतिगृह आणि वाय-फाय या सर्व सेवा असतात. त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेचा बराच भाग त्याच्या सवयींपेक्षा संस्थेच्या निर्णयांवर अवलंबून राहतो.

पूर्वपीठिका : संगणकावरील परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विद्यापीठाच्या आवारात जन्मला असे सामान्यतः मानले जाते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेल्या सीटीएसएस या प्रणालीमुळे एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. प्रत्येकाच्या फायली इतरांपासून वेगळ्या राहाव्यात म्हणून तीत पासवर्डची योजना करण्यात आली. या श्रेयाबद्दल पूर्ण एकमत नाही. विमानतिकिटांच्या आरक्षणासाठी त्याच सुमारास उभारलेल्या सेबर या प्रणालीत अशी सोय आधीच असावी असा एक तर्क आहे, आणि खुद्द कॉर्बातो यांनीही आपल्या योजनेला काही पूर्वज असणारच असे मत व्यक्त केले होते. सेबरचा दावा मुख्यतः अनुमानावर उभा असल्याने सीटीएसएसचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

पासवर्डची पहिली ज्ञात चोरीही एका विद्यार्थ्यानेच केली. संशोधक विद्यार्थी ॲलन शेर यांना संगणकाचा आठवड्याला चार तासांचा वेळ अपुरा पडत असल्याने त्यांनी पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून मिळविली आणि इतरांच्या खात्यांतून आपले काम चालू ठेवले. ही घटना १९६२ च्या वसंतातील म्हणून सांगितली जाते. परंतु ती शेर यांनी अनेक दशकांनंतर आठवणीवरून कथन केलेली असल्याने वर्ष अंदाजेच धरावे. त्यानंतर, १९६० च्या दशकाच्या मध्यास, संपादन करणाऱ्या प्रणालीतील एका दोषामुळे दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर स्वागतसंदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड अवतरले. या दुसऱ्या प्रसंगात कोणाही वापरकर्त्याची चूक नव्हती, ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पासवर्ड जसाच्या तसा न साठविता त्याचे उलट फिरविता न येणारे गणिती रूप साठवावे, ही कल्पना केंब्रिज विद्यापीठातील टायटन संगणकावर रॉजर नीडम यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमलात आली. हे तत्त्व युनिक्स प्रणालीत अधिक पक्के झाले. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ पासवर्डांची तपासणी दिली असून त्यांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, अतिशय आखूड तरी होते किंवा शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे तरी होते. प्रत्येक पासवर्डात एक यादृच्छिक अंश मिसळून मगच त्याचे गणिती रूप काढण्याची, ‘मीठ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने ओळखली जाणारी युक्ती याच निबंधात मांडली आहे. तिच्यामुळे दोन व्यक्तींचा पासवर्ड एकच असला तरी साठविलेली रूपे भिन्न दिसतात आणि आधीच तयार केलेले तक्ते चोराच्या उपयोगी पडत नाहीत. मॉरिस यांचेच पुत्र रॉबर्ट टॅपन मॉरिस हे कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडलेला ‘वर्म’, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ४३२ शब्दांच्या यादीतून पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करीत असे, हा योगायोग संगणकाच्या इतिहासात वारंवार नोंदविला जातो.

पासवर्डविषयक मतांतरे : पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावा की नाही याविषयी दोन मते आहेत. बदलाचा आग्रह अनेक विद्यापीठांनी दीर्घकाळ धरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे मोठी-लहान अक्षरे, अंक व चिन्हे यांच्या सक्तीला व्यापक मान्यता मिळाली. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये त्याच विद्यापीठाच्या ७,७०० हून अधिक खात्यांचे कालबाह्य पासवर्ड तपासले, तेव्हा जुना पासवर्ड ठाऊक असल्यास सुमारे १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचांहून कमी प्रयत्नांत ओळखता येतो असे आढळले. कारण सक्तीमुळे बदल करणारा माणूस शेवटचा अंक एकाने वाढवून मोकळा होतो. उपरोक्त संस्थेने २०१७ च्या सुधारित मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीचा बदल मागू नये असे सुचविले आणि त्याच वर्षी बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. सध्याचा कल लांबी आणि वेगळेपणा यांच्या बाजूने आहे : प्रत्येक सेवेसाठी निराळा, लांब पासवर्ड, तो लक्षात ठेवण्याचे काम पासवर्ड व्यवस्थापकाकडे, म्हणजे पासवर्ड साठविणाऱ्या ॲपकडे, आणि जोडीला ओळखीचा दुसरा पुरावा. या दुसऱ्या पुराव्यांत एसएमएसने येणारा ओटीपी सर्वांत दुबळा ठरतो, कारण बनावट पान तो जागच्या जागी विचारून घेऊ शकते. पासकी (फोन वा संगणकात साठविलेली अंकीय किल्ली) किंवा सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारे छोटे उपकरण) खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे बनावट पानापुढे ती उत्तरच देत नाही.

फिशिंग : विश्वासू संस्थेचे सोंग घेऊन लॉगिन किंवा माहिती काढून घेण्याच्या फसवणुकीला फिशिंग म्हणतात. गळ टाकून मासे पकडण्याच्या इंग्रजी शब्दावरून ही संज्ञा निघाली असे सामान्यतः मानले जाते; तिच्या वर्णलेखनातील फरक दूरध्वनी यंत्रणेशी खेळणाऱ्या जुन्या मंडळींच्या बोलीतून आला असावा. तिचे आरंभीचे लिखित उल्लेख १९९६ च्या सुमाराचे असून ते अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या खात्यांच्या चोरीशी संबंधित आहेत. विद्यापीठांच्या संदर्भात या प्रकाराला वेगळे वळण मिळाले. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने इराणमधील मबना इन्स्टिट्यूटशी संबंधित नऊ जणांवर ठेवलेल्या आरोपांनुसार अमेरिकेतील १४४ आणि अन्य २१ देशांतील १७६ विद्यापीठे लक्ष्य करण्यात आली होती. विद्यापीठाच्या लॉगिन पानाची हुबेहूब नक्कल करून, ग्रंथालयातील सदस्यत्वाची मुदत संपत आल्याची सूचना पाठविणे ही या पद्धतीतील ठळक युक्ती होय. अशा पत्रात पैशांचा उल्लेखही नसतो; त्यामुळे लॉटरी आणि वारसा यांच्या पत्रांना हसणारा विद्यार्थीही त्यात सापडतो. शिष्यवृत्ती, घरबसल्या अर्धवेळ नोकरी आणि वसतिगृहाची अनामत हे याच जातीचे अन्य विषय आहेत.

‘अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नका’ हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने आपल्यावरील हल्ल्याचा सविस्तर अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतःहून प्रसिद्ध केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या एका ईमेलने हल्ल्याची सुरुवात झाली आणि ते पत्र केवळ पाहिले जाणे पुरेसे ठरले, दुव्यावर टिचकी मारण्याची गरजच पडली नाही, असे त्यात नमूद आहे. ज्या संचापर्यंत हल्लेखोर पोहोचले त्यात सुमारे १९ वर्षांची माहिती होती. प्रत्यक्षात नेलेली माहिती आरंभीच्या अंदाजाहून बरीच कमी असावी असा निष्कर्ष नंतर निघाला. बाधित होऊ शकणाऱ्यांत शिक्षण संपवून गेलेले माजी विद्यार्थीही होते.

वाय-फाय : सार्वजनिक वाय-फायविषयीचा बराचसा इशारा २०१० च्या सुमाराच्या परिस्थितीवर आधारलेला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या फायरशीप या साधनामुळे शेजारी बसलेल्याचे समाजमाध्यमावरील चालू सत्र कोणालाही सहज बळकावता येऊ लागले. त्यानंतर संकेतस्थळांनी संपूर्ण दळणवळण कूटबद्ध केले आणि तो धोका पुष्कळ कमी झाला. आज अधिक लक्ष देण्याजोगा प्रश्न एडुरोमसारख्या विद्यापीठीय जाळ्यांचा आहे. नेदरलँड्समधील क्लास विरेंगा यांच्या २००२ च्या प्रस्तावातून उगम पावलेल्या या व्यवस्थेत एका विद्यापीठाच्या लॉगिनवर दुसऱ्या विद्यापीठातही जोडणी मिळते. फोनने समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे तो खरा असल्याचा अंकीय पुरावा, तपासणे येथे अपेक्षित असते. परंतु जोडणी चटकन व्हावी म्हणून ‘तपासू नका’ हा पर्याय निवडला, की त्याच नावाचे बनावट जाळे उभारणाऱ्याच्या हाती पासवर्डापर्यंत पोहोचविणारी सामग्री फोन आपोआप सोपवितो. असे घडल्याचे वापरणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

निनावी माहिती : नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा समज चुकीचा असल्याचे लतान्या स्वीनी यांच्या संशोधनाने दाखविले. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल विभाग एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात, असे त्यांनी २००० मध्ये १९९० च्या जनगणनेच्या आधारे मांडले. फिलिप गोल यांनी २००६ मध्ये २००० च्या जनगणनेवरून हे प्रमाण सुमारे ६३ टक्के काढले. पहिला आकडा अधिक प्रसिद्ध असला, तरी दुसरा अधिक सावधपणे स्वीकारण्याजोगा दिसतो. मूळ निष्कर्षाला मात्र त्याने बाध येत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण हार्वर्डचे आहे. तेथील संशोधकांनी एका संपूर्ण तुकडीच्या फेसबुक नोंदी जमवून, विद्यापीठाचे व विद्यार्थ्यांचे नाव न देता, सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचा संच प्रसिद्ध केला. सोबतच्या माहितीपुस्तिकेतील विषयांची वैशिष्ट्यपूर्ण नावे आणि तुकडीचा आकार यांवरून ते विद्यापीठ लवकरच ओळखले गेले, आणि एखाद्या राज्यातून किंवा देशातून एकच विद्यार्थी आलेला असल्यास तोही ओळखू येण्याची शक्यता निर्माण झाली. माहिती आधीच सार्वजनिक होती, असा बचाव करण्यात आला. मायकेल झिमर यांनी २०१० मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो : नोंदी जमविणारे सहायक त्याच विद्यापीठाच्या जाळ्यातील होते, म्हणून सहाध्यायांसाठीच खुली ठेवलेली माहितीही त्यांना दिसली असावी. ‘सार्वजनिक’ हा शब्द कोणासाठी सार्वजनिक हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो, हा या वादातून पुढे आलेला मुद्दा गटसंदेश व वर्गाच्या सामाईक फायली यांनाही लागू पडतो.

कायदेशीर संरक्षण : याबाबत देशोदेशी भिन्नता आहे. अमेरिकेत १९७४ च्या कौटुंबिक शैक्षणिक हक्क कायद्यानुसार विद्यार्थी अठरा वर्षांचा होताच, किंवा त्याआधीच उच्चशिक्षण संस्थेत दाखल झाल्यास तेव्हाच, नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे येतो. मात्र नाव, पत्ता, अभ्यासक्रम यांसारखी निर्देशिका-माहिती त्याने हरकत नोंदविली नसल्यास संस्था संमतीविना उघड करू शकते. भारताच्या २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, म्हणजे सतरा वर्षांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची स्थिती या दोन कायद्यांत जवळजवळ उलट होते. युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला माहिती संरक्षणाचा सर्वसाधारण नियम (जीडीपीआर) माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि काही अटींवर पुसून घेण्याचा हक्क देतो. कायद्याने जपून ठेवाव्या लागणाऱ्या नोंदी, उदाहरणार्थ पदवीच्या नोंदी, पुसण्याच्या हक्काबाहेर राहतात.

शिक्षण संपल्यावर : पदवीनंतर विद्यापीठाचा ईमेल पत्ता काही संस्था लगेच बंद करतात, काही ठरावीक मुदतीनंतर बंद करतात. विद्यार्थीदशेत त्याच पत्त्यावर उघडलेल्या इतर खात्यांचे पासवर्ड पुन्हा मिळविण्याचे संदेश तेथेच जात राहतात, आणि पत्ता बंद झाल्यावर ती खाती मूळ मालकालाच उघडता येत नाहीत; तो पत्ता पुढे दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला गेल्यास तेच संदेश नव्या धारकाला मिळतात. म्हणून अशी खाती पदवीपूर्वीच खासगी पत्त्यावर वळविण्याची सूचना विद्यापीठांचे संगणक विभाग देतात.