उद्यमबागेतली एक टक्का लांब पट्टी

आमचे मामा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, पॅटर्न बनवायचे. बेळगावकरांना फाउंड्री समजवायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, आधी पार्टचा लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. मामांच्या टेबलावर दोन स्टीलच्या पट्ट्या असायच्या, दिसायला अगदी सेम. मी सातवीत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर गेलेलो, उगाच चाळा म्हणून दोन्ही शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य लावलं, तर दुसऱ्या टोकाला ३०० वर ३०० बसेना. एक पट्टी पूर्ण ३ मिलिमीटर लांब होती. मला वाटलं खराब माल आहे.

"खराब नव्हे रे, ती श्रिंकेजची पट्टी," मामा म्हणाले. "ती घरला नेऊ नको, हिच्यानं काय पण मापलास तर कमीच भरतंय."

बीड थंड होताना आकसतं, एका मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणजे एक टक्का. म्हणून पॅटर्न एक टक्का मोठा करायचा. आता ड्रॉइंगवर शंभर मापं असतात, प्रत्येकाला १.०१ ने गुणत बसलं तर दिवस जाईल आणि दहा ठिकाणी चूक होईल, त्यापेक्षा पट्टीच एक टक्का मोठी करून ठेवली, ड्रॉइंगवर २५० आहे ना, मग या पट्टीवरचे २५० घ्या, विषय संपला. अॅल्युमिनियम जास्त आकसतं, मीटरला साधारण १३, आणि स्टील जवळपास २०, म्हणून प्रत्येक धातूची पट्टी वेगळी. गुणाकार पट्टीच्या आतच भरून ठेवलाय. मला आजही ही कल्पना भारी वाटते, आणि समरूपता म्हणजे काय हे मला शाळेच्या फळ्यावर नाही, त्या टेबलावर कळलं.

कारण बघा, त्या पट्टीने काढलेल्या पॅटर्नमध्ये सगळं एक टक्का वाढतं, भोकाचा व्यास, रिबची म्हणजे आधाराच्या पट्टीची जाडी, दोन भोकांमधलं अंतर, सगळं. पण कोन वाढत नाही. ९० चा ९० च राहतो, षटकोनी नटाचा कोपरा १२० चाच राहतो. दहावीची पोरं पाठ करतात ना, 'संगत कोन समान आणि संगत बाजू प्रमाणात', ते वाक्य म्हणजे हा पॅटर्न. ड्रॉइंगमधला पार्ट आणि लाकडी पॅटर्न एकमेकांना समरूप.

इथे पोरांचा एक घोटाळा नेहमी होतो, त्यावर जरा थांबतो. भाच्याला शिकवताना मी विचारलं, घराचं दार आणि कॅरम बोर्ड समरूप आहेत का. तो म्हणाला हो, चारही कोपरे ९० चे आहेत की. पण दार उंच आणि बोर्ड चौरस, कसे समरूप असतील? गंमत अशी की नुसते कोन जुळले की काम झालं ही सवलत फक्त त्रिकोणाला आहे. आयताची एक बाजू समांतर ठेवून बाहेर सरकवा, आयत लांबुळका होतो पण कोनांना पत्ताच लागत नाही. तेच त्रिकोणाला करून बघा, एक बाजू समांतर सरकवली की उरलेल्या दोन बाजूंना त्याच प्रमाणात लांबावंच लागतं, नाहीतर त्या तिला पोचतच नाहीत. त्रिकोणात पळवाट नाही. म्हणूनच उंची मोजायला जगभर त्रिकोणच वापरतात.

उंचीवरून आठवलं, किल्ला तलावाजवळचा झेंडा. २०१८ मध्ये उभारला, खांब ११० मीटरचा. खांबावर न चढता ही उंची काढता येते. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा, तिची आणि खांबाची सावली मोजा. सूर्य इतका लांब आहे की काठीवर आणि खांबावर ऊन एकाच कोनात येतं, काठी सरळ, खांब सरळ, म्हणजे दोन कोन जुळले, दोन्ही त्रिकोण समरूप, खांबाची सावली काठीच्या सावलीच्या जितकी पट तितकीच उंची पण पट. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तरेला आहे, त्यावरून हिशेब केला तर २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य डोक्यावर जास्तीत जास्त वर आलेला असताना, एक मीटरच्या काठीची सावली ८२ सेंटिमीटर पडते. मग ११० मीटरच्या खांबाची सुमारे ९० मीटर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र हा प्रयोग दुपारी करायला जाऊ नका, तेव्हा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि काठीला सावलीच राहत नाही. खांबाच्या सावलीच्या टोकापर्यंत टेप नेता येईलच असं नाही, तर गल्लीतल्या नारळाच्या झाडावर करा, तेवढंच समाधान मिळतं. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीमध्ये सावल्यांच्या गणितांचं एक अख्खं प्रकरण आहे, छायाव्यवहार, आणि मुळाशी तेच आपलं त्रैराशिक.

आता त्याच खांबावरचा झेंडा बघा, कारण खरी मजा लांबी सोडून क्षेत्रफळात शिरल्यावर सुरू होते. तो १२० फूट बाय ८० फूट आहे. शाळेत १५ ऑगस्टला फडकवतो तो समजा ३ फूट बाय २ फूट. दोन्हींचं प्रमाण ३:२, राष्ट्रध्वज कुठल्याही साइजचा असला तरी ते ३:२ च लागतं, म्हणजे देशातले सगळे तिरंगे एकमेकांना समरूप. मोठा झेंडा लहानाच्या ४० पट. पण कापड ४० पट लागत नाही. लहानाला ६ चौरस फूट, मोठ्याला ९६०० चौरस फूट, म्हणजे १६०० पट! ४० पट लांबीला आणि ४० पट रुंदीला, ४० गुणिले ४०.

एवढे मोठे झेंडे वाऱ्यात फाटतात का, याचं उत्तर पण इथेच आहे. वाऱ्याची ओढ कापडाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे तोच वारा असला तरी ओढ १६०० पट. आणि ती ओढ धरून ठेवणारी खांबाकडची शिवण किती वाढली? ती लांबी आहे, ४० पटच. म्हणजे शिवणीच्या प्रत्येक इंचावर ४० पट ताण. लहान झेंडा ज्या वाऱ्यात मजेत फडफडतो त्याच वाऱ्यात मोठ्याच्या शिवणीचा जीव जातो, त्यात तेवढ्या उंचीवर वारा खालच्यापेक्षा जोरात असतो ते वेगळंच. कापड ४० पट जाड केलं तर टिकेल, पण ते फडकणार नाही, चटईसारखं लोंबेल.

क्षेत्रफळाच्या या घोळाचा फटका मला स्वतःला बसलाय. शेताचा नकाशा एकाने झेरॉक्स करून दिला, मोठा कागद ए फोरवर बसवायला मशीनवर ७१ टक्के केलेलं, आणि खाली लिहिलेलं स्केल मात्र जुनंच. पट्टीने मोजून शेत काढलं तर जवळपास निम्मंच भरलं, ०.७१ गुणिले ०.७१ म्हणजे निम्मंच की, रात्रभर झोप नाही. तेव्हापासून मी नकाशावर छापलेलं आकड्यातलं स्केल बघत नाही, काढलेली स्केलची रेघ बघतो, कारण कागद लहान झाला तर ती रेघ पण बरोबर लहान होते. हा ७१ चा आकडा उगाच नाही हं, ए थ्री आणि ए फोर कागद समरूप ठेवलेत, अर्धा केला तरी आकार तोच राहावा म्हणून लांबी रुंदीच्या वर्गमूळ दोन पट घेतलीय.

आणि घनफळाला तर तीनदा गुणावं लागतं. गणपतीच्या दिवसात मूर्तिकाराकडे जाऊन बघा. शाडूची भरीव २ फुटी मूर्ती समजा १० किलोची आहे. तीच हुबेहूब ४ फुटी केली तर लोक पटकन म्हणतात २० किलो. नाही, ८० किलो. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी पण दुप्पट. रंग मात्र चौपटच लागतो कारण रंग वरून लावायचा. मंडळाने १० फुटी सांगितली तर पाच पट उंची, वजन १२५ पट, सव्वा टन. आणि पायाचा छेद वाढला फक्त २५ पट, म्हणजे पायाच्या प्रत्येक इंचावर पाच पट भार. म्हणून मोठी मूर्ती आतून पोकळ ठेवतात, आत सांगाडा घालतात. लहान मूर्ती जशी आहे तशी फुगवली की मोठी होते असं होत नाही, दिसायला समरूप पण उभी राहायची तऱ्हा वेगळी. गॅलिलिओने १६३८ मध्ये हेच हाडांबद्दल लिहिलेलं, मोठ्या प्राण्याचं हाड नुसतं लांब करून चालत नाही, प्रमाणाबाहेर जाड करावं लागतं. मुंगीचे आणि हत्तीचे पाय आठवा.

मामांच्या पट्टीने पण हे तीनदा गुणणं चुकत नाही. लांबीत एक टक्का म्हणजे घनफळात तीन टक्के. आणि एखाद्या गिऱ्हाइकाने "हाच पार्ट डबल साइजमध्ये द्या" म्हटलं की मामा हसायचे, कारण त्याच्या डोक्यात डबल किंमत असायची. १० सेंटिमीटरचा बिडाचा ठोकळा सुमारे ७.२ किलो भरतो, २० सेंटिमीटरचा ५७-५८ किलो. माल आठ पट, वर थंड व्हायचा वेळ. उष्णता बाहेर जाते पृष्ठभागातून, साठलेली असते घनफळात. पृष्ठभाग चौपट, घनफळ आठपट, म्हणजे प्रत्येक चौरस इंचाला दुप्पट उष्णता बाहेर टाकायची. ख्वोरिनोव्ह नावाच्या इंजिनिअरने १९४० साली नियम मांडला की गोठायला लागणारा वेळ घनफळ भागिले पृष्ठभाग याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे दुप्पट कास्टिंगला चौपट वेळ. मोल्डिंगवाल्यांना हे सूत्र माहीत असो नसो, ते कास्टिंगच्या जाड भागाला रायझर ठेवतात, एक जादा गोळा, मुद्दाम आणखी जाड, जेणेकरून तो सगळ्यात शेवटी गोठेल आणि आकसणाऱ्या भागाला पातळ बीड पुरवत राहील. पुरवठा तुटला की आत पोकळी पडते, बाहेरून काही दिसत नाही, मशीनिंगला लागल्यावर कळतं.

मामा रिटायर होताना ती लांब पट्टी मला देऊन गेले. माझ्या टेबलावर असते. भाचा परवा तिने वहीत समास आखत होता, मी काढून घेतली आणि शेजारी साधी पट्टी ठेवली, शून्याला शून्य लावून. तो शेवटच्या ३ मिलिमीटरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ही खराब आहे काय?"