ऑफिसचं टेन्शन की अँग्झायटी डिसऑर्डर?

मार्च एंडला झोप उडणं, अप्रेजलच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं, क्लायंट कॉलच्या आधी दोन-दोनदा बाथरूमला पळणं, याला कोणी डिसऑर्डर म्हणत नाही. हे टेन्शन. त्याला कारण असतं, तारीख असते, आणि तारीख उलटली की बहुतेक वेळा तेही उतरतं. घोळ असा होतो की धडधड, घाम, ॲसिडिटी, चिडचिड हे दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे नुसती लक्षणं गुगल करून काही कळत नाही. काम उरकल्यावर काय होतं ते बघा.

डिसऑर्डरमध्ये रिलीज नीट गेलं, बॉस खुश, तरी डोकं गप्प बसत नाही, ते लगेच पुढचं काहीतरी पकडतं, ले-ऑफ होईल का, मग होम लोनचं काय, मग आईचं बीपी, मग मुलाची व्हॅन अजून का आली नाही, आणि हे रविवारीही चालू, सुट्टी टाकून गावी गेलं तरी चालू. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणताना डॉक्टर बघतात की अशी आवरता न येणारी काळजी किमान ६ महिने, बहुतेक दिवस आहे का, सोबत थकवा, आखडलेले खांदे, लक्ष न लागणं, झोपेचा बट्ट्याबोळ असं काही आहे का, आणि त्यानं काम किंवा घर अडतंय का. पण ६ महिने हा निदानाचा निकष झाला, मदत मागायला तेवढं थांबायचं कारण नाही.

पॅनिक अटॅक आणखी वेगळा, तो काही मिनिटांतच टोकाला जातो आणि माणसाला वाटतं आता आपण मरतोय. पहिल्यांदाच छातीत दुखलं तर 'अँग्झायटीच असेल' असं स्वतः ठरवू नका, ईसीजी काढा. थायरॉईड वाढलं तरी धडधड होते, तेही तपासून घ्या.

ऑफिसात हे पटकन दिसत नाही. एकच मेल पाच वेळा तपासून पाठवणारा माणूस सगळ्यांना सिन्सिअर वाटतो, आणि प्रेझेंटेशन द्यावं लागेल म्हणून प्रमोशन नाकारणारा साधा वाटतो.

उपायही वेगळे. टेन्शनवर उपाय म्हणजे काम कमी करणं, माणसं वाढवणं, रात्रीचे कॉल बंद करणं. चौदा तास राबवून वर मेडिटेशनचं वेबिनार ठेवणं हा माझ्या मते निव्वळ निर्लज्जपणा आहे. डिसऑर्डरला मात्र नुसती रजा पुरत नाही, राजीनामा दिला तरी काळजी नव्या कंपनीत सोबत येते. तिथे सीबीटी नावाची थेरपी, म्हणजे काळजीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, गरज पडली तर गोळ्या. यासाठी नेहमी देतात त्या एसएसआरआय प्रकारच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नका, आणि बाजूच्या डेस्कवाल्याची अल्प्राझोलाम ही लगेच शांत करणारी गोळी तर अजिबात घेऊ नका, तिची सवय लागते.

आता जायचं कुठे? कंपनीत ईएपी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी कंपनीनं ठेवलेली काउन्सेलिंगची सोय, असेल तर काउन्सेलर सहसा बाहेरच्या संस्थेचा असतो, पण एचआरला नेमकं काय कळतं हे पहिल्याच सेशनला विचारून घ्या. काउन्सेलर गोळ्या लिहून देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट. खाजगी फी झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचंय. अर्थात पॉलिसीत ओपीडी नसेल तर थेरपीची फी खिशातूनच जाते.

मॅनेजरला 'ट्रीटमेंट चालू आहे, बुधवारी चारनंतर मीटिंग नको' एवढं सांगून भागतं. आजाराचं नाव सांगायचं का, ते तुम्ही ठरवा.