पाटी नसलेलं घर खरंच जळू देत होते का?

मोंढ्यात कापसाच्या गंजीला आग लागली आणि बंब उशिरा पोचला, की कुणीतरी म्हणतंच, "हे सगळं खासगी करून टाका." त्याला उत्तर म्हणून हमखास लंडनची गोष्ट येते: दारावर विम्याची पाटी नसेल, तर कंपन्यांचे बंबवाले घर जळताना नुसते बघत उभे राहत.

ही गोष्ट चुकीची आहे. १६६६ च्या महाआगीनंतर विमा कंपन्यांनी बंब ठेवले, दारांवर धातूच्या पाट्या लावल्या, हे खरं. पण पाटीविना आग विझवायचीच नाही, अशी रीत असल्याचा भक्कम पुरावा नाही. तसं करणं त्यांच्याच अंगाशी आलं असतं. ठिणगी शेजारच्या विमा काढलेल्या घरावर जायला कितीसा वेळ लागतो? परभणीच्या जिनिंगवाल्याला हे सांगायला नको.

व्यवस्था मोडली ती खर्चामुळे. विमा न काढलेल्यालाही बंबाचा फायदा मिळे, पैसे मात्र कंपन्याच भरत. १८३३ मध्ये त्यांनी एकत्र दल उभारलं. १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या आगीत गोदामं गेली, दलप्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंतीखाली गेले. मग कंपन्यांनीच सरकारला सांगितलं, हा भार आम्हाला पेलत नाही. १८६६ पासून दल सार्वजनिक झालं.

आपल्याकडे ७४व्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातलंय. बंब उशिरा आला तर जाब तिथंच विचारायचा.