सौर वादळात मोबाईल जळत नाही, खरा धोका वेगळाय

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक किरण येणारेत, मोबाईल बंद करून लांब ठेवा" हा मेसेज कित्येक वर्षं सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खोटाय. सौर वादळात, म्हणजे सूर्यावरून निघालेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळतो तेव्हा, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्यामुळे शेकडो किलोमीटर लांब तारांमध्ये करंट तयार होतो, मोबाईल वीतभर, त्यात जळण्याइतका करंट येणार कुठून?

पण म्हणून वादळं थोतांड नाहीत हां. 1989 च्या मार्चमध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीजपुरवठ्याची ग्रीड दीड मिनिटात कोसळली, साठेक लाख लोक नऊ तास अंधारात. सॅटेलाईट, जीपीएस, विमानांचा रेडिओ यांनाही फटका बसतो.

आणि अशा वादळांचा सगळ्यात मोलाचा पुरावा आपल्या मुंबईतलाय! सप्टेंबर 1859 चं कॅरिंग्टन वादळ, म्हणजे नोंद झालेल्या सगळ्यात मोठ्या सौर वादळांपैकी एक, आलं तेव्हा कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्यांनी रीडिंग घेऊन वहीत लिहीत होती, त्यात चुंबकीय क्षेत्राची आडवी (जमिनीला समांतर) तीव्रता साधारण 1600 नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला म्हणजे हे क्षेत्र मोजायचं एकक) घसरलेली दिसते. एवढं मोठं वादळ पूर्ण पकडणाऱ्या नोंदी जगात फार कमी, म्हणून 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद मोजायला हेच आकडे वापरले. पुढे मुंबईत इलेक्ट्रिक ट्राम येणार आणि तिच्या करंटने रीडिंग बिघडणार म्हणून चुंबकीय नोंदींचं हे काम अलिबागला हलवलं, तिथे ते आजही चालतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

तेव्हा तो मेसेज आला की पुढे पाठवू नका, त्याऐवजी कुलाब्याच्या या नोंदींबद्दल सांगा.