ओक, ओईल आणि सी

ओक, ओईल आणि सी हे लॅटिनपासून निघालेल्या भाषांतील होकारार्थी शब्द होत. मध्ययुगीन युरोपात या भाषा त्यांच्या होकारावरूनच ओळखल्या जात.

अभिजात लॅटिनमध्ये ‘हो’साठी एकच ठरलेला शब्द नव्हता. ‘आलास का?’ या प्रश्नाला मराठी माणूस जसे नुसते ‘आलो’ म्हणतो, तसेच रोमन माणूस प्रश्नातले क्रियापद पुन्हा उच्चारून होकार देई, किंवा ‘सीक’ (असे), ‘इता’ (तसे) यांसारख्या शब्दांवर भागवी. पोर्तुगीजमध्ये ही रीत आजही जिवंत आहे.

‘सीक’पासून इटालियन व स्पॅनिशमधला ‘सी’ आला. दक्षिण फ्रान्समध्ये मात्र ‘होक’ म्हणजे ‘हे’ या सर्वनामाचा ‘ओक’ झाला. उत्तरेकडची घडण सर्वांत मनोरंजक आहे: तिथे ‘होक’चा नुसता ‘ओ’ उरला आणि त्याला पुरुषवाचक सर्वनाम जोडले जाऊ लागले. स्वतःविषयी विचारले असता ‘ओ जे’ (हे मी), तर तिसऱ्याविषयी विचारले असता ‘ओ ईल’ (हे तो) असे उत्तर येई. पुढे ‘ओईल’ हेच रूप सर्व पुरुषांसाठी रूढ झाले, त्यातला शेवटचा ‘ल’ गळाला आणि आजचा फ्रेंच ‘वी’ तयार झाला. फ्रेंचने ‘सी’ही टाकून दिला नाही, नकारार्थी प्रश्न खोडून काढताना तोच वापरतात. ‘जेवला नाहीस ना?’ याला आपण ‘जेवलो की!’ म्हणतो, त्यातल्या ‘की’चे काम तिथे ‘सी’ करतो. रोमानियनने मात्र ‘दा’ हा शब्द स्लाव्ह भाषांतून घेतला.

इटालियन कवी दान्ते याने सुमारे 1303 ते 1305 या काळात लोकभाषांवर लॅटिनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात कोणी ओक, कोणी ओईल, तर कोणी सी म्हणून होकार देतात, अशी या भाषांची विभागणी केली. ‘ओकची भाषा’ या अर्थाच्या शब्दांवरूनच दक्षिण फ्रान्समधील लांगदोक प्रांताला नाव मिळाले. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या 1539 च्या आदेशाने न्यायालयीन व सरकारी दस्तऐवजांसाठी फ्रेंच सक्तीची झाली, आणि त्रुबादूर कवींनी घडवलेली दक्षिणेची संपन्न भाषा कारभारातून मागे पडत गेली. 2016 मध्ये तुलूझ हे मुख्य शहर असलेल्या नव्या प्रशासकीय प्रदेशाला ‘ओक्सितानी’ हे नाव देण्यात आले. त्यातला आरंभीचा ‘ओक’ तोच आहे.