सेफ्टी फ्लोअरिंगखालील बेसची पूर्वतयारी

सेफ्टी फ्लोअरिंगखालील बेसची पूर्वतयारी : ओल्या जमिनीवरही पाय घसरू नये म्हणून ज्या विनाइलच्या चादरीत ॲल्युमिनियम ऑक्साइड, क्वार्ट्झ किंवा सिलिकॉन कार्बाइड यांचे कण मिसळलेले असतात, ती चादर चिकटवण्यापूर्वी खालची जमीन कोरडी, टणक, सपाट आणि स्वच्छ करून घेण्याची प्रक्रिया. खालच्या या जमिनीला कारागीर ‘बेस’ म्हणतात. रुग्णालयांचे वॉर्ड व न्हाणीघरे, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, वृद्धाश्रम अशा ठिकाणी हे फ्लोअरिंग वापरले जाते.

चादरीची जाडी साधारण २ मिमी किंवा त्याहून किंचित अधिक असते. एवढ्या पातळ थराखाली काहीही लपत नाही. लाद्यांमधील सांधे, थापीचे ओरखडे, झाडताना राहिलेला वाळूचा खडा हे सारे काही काळाने पृष्ठभागावर उमटते. उंचवट्यांवर पावलांचा आणि ट्रॉलींच्या चाकांचा भार एकवटल्याने तेथील आवरण आधी झिजते, तर खोलगट जागी पाणी आणि साबणाचा फेस साचून राहतो. म्हणजे ज्या कामासाठी महागडी चादर आणली, तेच काम सदोष बेसमुळे निष्फळ ठरते. रुग्णाच्या पायाखालची सुरक्षितता चादरीइतकीच तिच्या खालच्या कामावर अवलंबून असते.

मुंबईत या कामातील सर्वांत मोठी अडचण ओलीची आहे. शहराचा बराच भाग खाड्या आणि दलदली बुजवून तयार झाला असून अनेक ठिकाणी भूजल उथळ व खारट आहे. तळमजल्याच्या जुन्या कोब्याखाली ओलरोधक थर नसेल, तर ही ओल वर चढते आणि भिंतींच्या कडेला पांढरा लोणा दिसू लागतो. वरच्या मजल्यांवर कारण वेगळे असते. न्हाणीघराचा स्लॅब खाली घेऊन तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरण्याची येथे रूढ पद्धत आहे. नळजोडणी किंवा जलरोधक थर गळू लागला की हा भराव स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि वरची लादी मात्र कोरडी दिसत राहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हासारखे पाणी ज्या तळमजल्यांत शिरते, तेथेही पाणी ओसरणे म्हणजे बेस वाळणे नव्हे.

ओल अडकली की हानी सावकाश होते. विनाइलमधून बाष्प जवळजवळ बाहेर पडत नाही. काँक्रीटमधील अल्कधर्मी क्षार विरघळलेले पाणी गोंदाच्या थरापर्यंत पोहोचले की गोंद मऊ पडतो, चादर फुगते, तिचे सांधे उघडतात आणि खाली बुरशी धरते. म्हणून हात लावून किंवा रंग पाहून दिलेला कोरडेपणाचा निर्वाळा ग्राह्य धरू नये. बीएस ८२०३ या ब्रिटिश संहितेनुसार हवाबंद पेटीत ठेवलेल्या आर्द्रतामापकाने वाचन घेतात आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांहून अधिक नसावी, असा दंडक आहे. अमेरिकी पद्धतीत, एकाच बाजूने वाळणाऱ्या स्लॅबमध्ये जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत छिद्र पाडून तेथील आर्द्रता मोजतात.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. २८ दिवसांत काँक्रीट अपेक्षित ताकद गाठते, परंतु त्याचा अर्थ ते वाळले असा होत नाही. चांगल्या हवेत पहिल्या ५० मिमी जाडीसाठी दिवसाला सुमारे १ मिमी आणि त्यापुढे याहून मंद, असा वाळण्याचा ढोबळ हिशेब धरतात. मुंबईच्या पावसाळ्यात, हवाच दमट असताना, हा हिशेब लागू पडत नाही. काम थांबवणे शक्य नसेल, तर इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेचा ओलरोधक लेप एकावर एक असा दोन थरांत देतात. मात्र गळती शोधून बंद केल्याशिवाय तो देणे हा उपाय नव्हे.

जुनी मोझॅक, शहाबादी किंवा कोटा लादी काढायचीच असे नाही. प्रत्येक लादी ठोकून पाहावी, पोकळ वाजणारी काढून जागा भरावी आणि पॉलिश, मेण, तेलकटपणा यंत्राने घासून घालवावा. स्वयंपाकघरात तेल सांध्यांत खोल मुरलेले असते, तेथे वरवर धुऊन भागत नाही. नव्या कोब्यावरील सिमेंटची ठिसूळ साय खरवडून काढणे तितकेच आवश्यक आहे. घासताना उडणारी सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असल्याने यंत्राला व्हॅक्यूम जोडावा. जुन्या विनाइल टाइल्स आणि त्यांखालील काळा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे तपासणीविना ते कधीही घासू नयेत. भेगा भरता येतात, परंतु इमारतीचे प्रसरण-सांधे (बांधकामाच्या हालचालीसाठी मुद्दाम सोडलेल्या फटी) भरून झाकू नयेत.

सपाटी २ मीटरच्या सरळ पट्टीने तपासतात. ब्रिटिश वर्गीकरणातील सर्वोच्च श्रेणीत पट्टीखालची फट ३ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. त्यासाठी प्रायमर (वरचा थर नीट धरावा म्हणून आधी लावायचा लेप) लावून स्वतः पसरणारे लेव्हलिंग कंपाउंड ओततात आणि काटेरी रोलर फिरवून त्यातील हवेचे बुडबुडे काढतात. न्हाणीघरात मात्र हे मिश्रण धोक्याचे ठरते, कारण ते आपणहून पातळी गाठते आणि पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे काढलेला ढाळ बुजवून टाकते. तेथे थापीने ओढता येणारे घट्ट मिश्रण वापरून ढाळ जपावा लागतो, आणि चादर भिंतीवर वळवून चढवायची असल्यास कोपऱ्यात गोलसर आधारही द्यावा लागतो.

वातानुकूलित जागेत गोंद लावण्याआधी यंत्रणा सुरू करून बेस आणि चादर दोन्हींना नेहमीच्या तापमानात आणतात. त्यानंतर व्हॅक्यूम फिरवून जमिनीवर तळहात घासून पाहतात. हाताला भुकटी लागली, तर पुन्हा व्हॅक्यूम करतात आणि मगच गोंदाचा डबा उघडतात.