ट्रॉलीच्या शेवटच्या थांब्यावरचा बँडस्टँड

मुंबईकराला बँडस्टँड म्हटलं की वांद्र्याचा समुद्र आठवतो, बँड मात्र नावापुरताच. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या विलो ग्रोव्ह पार्कचा बँडस्टँड निदान जुन्या चित्र-पोस्टकार्डांवर तरी टिकून आहे. तळं, विजेचं कारंजं, काठाशी संगीतमंडप आणि बाकांवर हॅटवाल्यांची दाटी.

ही बाग १८९६ साली काढली ती ट्रॉली, म्हणजे ट्राम, चालवणाऱ्या कंपनीने. १८८८ मध्ये रिचमंड शहरात विजेची ट्रॉली यशस्वी झाली आणि गावोगाव रूळ पडले. कामाच्या दिवशी गाड्या भरत, रविवारी रिकाम्या धावत. विजेचं बिल मात्र बऱ्याच ठिकाणी ठरावीक, गाडी भरो न भरो. मग मार्गाच्या टोकाला बाग काढायची, म्हणजे लोक सुट्टीच्या दिवशीही तिकीट काढतील. बँड ऐकायला वेगळे पैसे नसत. वसुली जाता-येताच्या भाड्यातून. साधा पण बेरकी हिशोब!

त्यासाठी माणूसही तोलामोलाचा आणला. अमेरिकी मरीन सैन्यदलाच्या बँडचं १२ वर्षं नेतृत्व केलेला, ‘मार्चचा राजा’ (मार्च म्हणजे संचलनाची धून) म्हणून गाजलेला जॉन फिलिप सूझा १९०१ ते १९२६ दर उन्हाळ्यात इथे वाजवायला येई. फक्त १९११ चुकलं, कारण तेव्हा त्याचा बँड जगाच्या दौऱ्यावर होता. ग्रामोफोनवर त्याचा राग. तबकडीवरच्या संगीताला तो डबाबंद म्हणायचा. समोर बसून ऐकणाऱ्यांच्या जिवावर बँड चालवणाऱ्याला ते खुपणारच.

आता कार्डाकडे. १८९८च्या कायद्याने खासगी छपाईची कार्डंही सरकारी कार्डांसारखी एका सेंटात जाऊ लागली. पण मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची मुभा. त्यामुळे मजकूर चित्राच्याच बाजूला, कडेच्या पांढऱ्या पट्टीत मुंगीच्या अक्षरात कोंबलेला दिसतो. १ मार्च १९०७ पासून मागची बाजू उभ्या रेघेने विभागली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. म्हणजे कार्ड उलटलं की वयाचा अंदाज येतो. पुढच्याच आर्थिक वर्षात अमेरिकेत ६७ कोटींहून जास्त कार्डं टपालात पडली, तीही लोकसंख्या नऊ कोटींच्या आत असताना.

त्या काळातली बरीच चांगली कार्डं जर्मनीत छापून येत. मूळ फोटो काळा-पांढरा, रंग छापखान्यात भरलेले. गुलाबी आकाश किंवा फडकणारे झेंडे पाहून त्या दिवसाचं हवामान ठरवायला जाऊ नये. जागा कधीही न पाहिलेल्या रंगाऱ्याचीच ती करामत असू शकते. मंडपाची ठेवण आणि बाकांच्या ओळी मात्र कॅमेऱ्याच्या, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

पुढे मोटारी आल्या, रेडिओ आला आणि ट्रॉलीचं गणितच फिसकटलं. पाळण्यांच्या आधारावर बाग आणखी बरीच वर्षं चालली, १९७५ मध्ये बंद पडली. १९८२ साली त्या जागी मॉल उघडला. पाटीवर नाव तेच, विलो ग्रोव्ह पार्क.